पोथ्या देणारे

इंग्रजीतला 'ट्रेटर' हा शब्द आपण गद्दार, फितूर, विश्वासघातकी अशा अर्थाने ऐकतो. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'ट्रॅडिटर' आहे, आणि त्याचा मूळ अर्थ अगदी साधा आहे: हाती देणारा, सोपवणारा. गंमत अशी की 'ट्रॅडिशन' म्हणजे परंपरा हा शब्दही त्याच क्रियापदातून निघाला. पुढच्या पिढीच्या हाती दिलं तर परंपरा, शत्रूच्या हाती दिलं तर गद्दारी! मराठी बायबलात यहूदा इस्कार्योताला 'धरून देणारा' म्हटलंय. तिथेही क्रिया देण्याचीच.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांत 'ट्रॅडिटर' ही एक नेमकी शिवी होती. छळाच्या दिवसांत ज्याने पवित्र शास्त्राच्या पोथ्या सरकारी माणसांच्या हाती दिल्या, तो ट्रॅडिटर. या एका शब्दावरून तिथली मंडळी दुभंगली आणि शंभराहून जास्त वर्षं दुभंगलेलीच राहिली. कोणी चुकलं, कोणी पश्चात्ताप केला, कोणी फक्त स्वतःचं नाव सांभाळलं... हा सगळा गुंता मला बरेच दिवस छळतोय, म्हणून आज सविस्तर लिहितो. पोस्ट थोडी लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं मागे जायला हवं. येशूला धरलं त्या एकाच रात्री दोन शिष्य ढळले. यहूदाने तीस नाण्यांना त्याला धरून दिलं, आणि पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा सांगितलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदालाही पस्तावा झाल्याचं आहे. त्याने पैसे परत नेले, आपण पाप केल्याचं कबूलही केलं. पण कबूल केलं ते ज्यांनी पैसे मोजले त्या याजकांपुढे, आणि त्यांनी त्याला झटकून टाकलं. मग तो एकटाच निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. पेत्र रडला, पण पुन्हा आपल्याच माणसांत येऊन बसला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू त्याला एकच प्रश्न तीनदा विचारतो. जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पेत्राची ही नामुष्की चारही शुभवर्तमानांत आहे. ज्याला पहिला पुढारी मानलं त्याची सर्वांत लाजिरवाणी रात्र या लोकांनी झाकली नाही, लिहून ठेवली आणि दर वर्षी मोठ्याने वाचली. हे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

* * *

आता इसवी सन २५०. रोमचा सम्राट डेशियस याने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवांना बळी अर्पण करावा, आणि तो केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. मजकूर सगळ्यांचा जवळजवळ सारखा: मी नेहमीच देवांना भजत आलोय, आता तुमच्या समोर अर्पण केलं आणि प्रसाद चाखला, तरी तसं लिहून द्यावं ही विनंती. खाली सह्या. सरकारी कागद तो सरकारी कागद, तेव्हाही आणि आताही.

कार्थेजचा (आजच्या ट्युनिसजवळ) बिशप होता सिप्रियन. त्याने लिहून ठेवलंय की लोकांना ओढून न्यायची वेळच आली नाही, कित्येक आपणहून धावले. संध्याकाळ झाल्यावर अधिकारी 'उद्या या' म्हणाले तर हे लोक 'आजच उरका' म्हणून विनवत होते. काहींनी खरंच बळी दिला, काहींनी नुसता धूप टाकला, आणि काही हुशार मंडळींनी काहीच न करता पैसे चारून दाखला मिळवला.

आणि स्वतः सिप्रियन? तो लपून बसला. गावाबाहेरून पत्रं पाठवून कारभार चालवत राहिला. रोमच्या धर्मगुरूंनी एक पत्र पाठवलं, त्यात मेंढपाळ पळाल्याचा टोमणा स्पष्ट होता. सिप्रियनचं म्हणणं होतं की आपण राहिलो असतो तर दंगल भडकली असती आणि कळपावरच संकट आलं असतं. खरं असेलही. पण लोकांच्या डोळ्यांसमोर तुरुंगात हाल सोसणारे होते आणि बिशप मात्र सुखरूप होता. नाव खाली जायला एवढं पुरतं.

छळ थांबला आणि ढळलेले लोक परत दारात आले. आता यांचं काय करायचं? तुरुंग भोगून आलेले काही जण सरसकट माफीच्या चिठ्ठ्या वाटत होते. 'याला आणि याच्या घरच्यांना घ्या', इतक्या मोघम. दुसऱ्या टोकाला रोममध्ये नोव्हेशियन म्हणत होता की यांना चर्चने कधीही परत घेऊ नये, देव काय करायचं ते करेल. २५१ साली कार्थेजला बिशपांची सभा भरली आणि तिने मधला, कटकटीचा रस्ता धरला. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं पाहायचं. ज्यांनी नुसता दाखला विकत घेतला त्यांना चौकशी करून परत घ्यायचं. ज्यांनी बळी दिला त्यांनी चारचौघांत प्रायश्चित्त करत राहायचं, आणि मरणाच्या वेळी तरी त्यांना पवित्र भोजन नाकारायचं नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांत नवा छळ येणार अशी चिन्हं दिसली तेव्हा याच बिशपांनी प्रायश्चित्तात टिकून राहिलेल्या सगळ्यांना आत घेतलं. कारण काय दिलं? लढाईला पाठवायचं असेल तर त्यांना निःशस्त्र कसं पाठवणार?

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, पश्चात्ताप ही एकट्याने उशीत तोंड खुपसून करायची गोष्ट नव्हती. ज्यांच्यात आपण होतो त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं. दुसरी, समोर उभं राहिलेल्याला घेणारं कोणीतरी हवं होतं. यहूदाला नेमकं तेच मिळालं नाही, किंवा त्याने ते शोधलं नाही.

सिप्रियनचं पुढे काय झालं तेही सांगतो. २५७ साली नव्या छळात त्याला हद्दपार केलं. २५८ मध्ये प्रांताधिकाऱ्याने त्याला युटिका नावाच्या दुसऱ्या गावी बोलावलं तेव्हा तो पुन्हा दडला, पण या वेळी कारण उलटं होतं. बिशपाने मरायचं तर आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर, असं त्याने पत्रात लिहिलं. अधिकारी कार्थेजला परतल्यावर हा हजर झाला. १४ सप्टेंबर २५८ ला त्याचं शिर उडवलं. मारेकऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला त्याने आपल्या माणसांना सांगितलं होतं. आठ वर्षांपूर्वीच्या टोमण्याचं उत्तर त्याआधी पत्रांतून देऊन झालं होतं, पण लोकांनी मानलं ते हे उत्तर.

* * *

आता पन्नास वर्षं पुढे. फेब्रुवारी ३०३. सम्राट डायोक्लेशियनने हुकूम काढला: चर्चं पाडा, पोथ्या जाळा. या वेळी आधी माणूस नको होता, पुस्तक हवं होतं.

न्युमिडिया प्रांतातल्या सिर्टा शहरात (आजचं अल्जेरियातलं कॉन्स्टंटीन) १९ मे ३०३ ला धाड पडली. तिचा सरकारी पंचनामा आजही उपलब्ध आहे, आणि मी वाचलेल्या जुन्या कागदांत इतका जिवंत कागद विरळाच. शहराचा प्रमुख म्युनेशियस फेलिक्स ख्रिस्ती लोक जमत त्या घरी येतो. बिशप पॉलस बसलेला, बाजूला त्याचे वडीलमंडळ. सामानाची यादी होते: २ सोन्याचे प्याले, ६ चांदीचे प्याले, दिवे, बायकांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, पुरुषांच्या पादत्राणांचे १३ जोड, बायकांचे ४७. गोरगरिबांना वाटायला जमवलेले कपडे असावेत ते. सिल्वानस नावाचा एक दुय्यम सेवक चांदीची एक पेटी आणि चांदीचा दिवा आणून देतो, म्हणतो मडक्यामागे सापडला. त्यावर सरकारी माणूस म्हणतो, सापडला नसता तर तू मेलाच असतास. या सिल्वानसला लक्षात ठेवा.

पोथ्या मागितल्यावर कॅट्युलिनस नावाचा सेवक एक भली मोठी पोथी आणून देतो. बाकीच्या कुठेत? वाचकांकडे, म्हणजे सभेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांच्या घरी. त्यांची नावं सांगा. इथे तोच कॅट्युलिनस आणि त्याचा सोबती मार्क्युक्लियस म्हणतात, आम्ही धरून देणारे नाही, हे आम्ही उभे आहोत, मारून टाका. पुस्तक दिलं, माणसं दिली नाहीत! मग त्यांना अटक होते. वाचकांची घरं माहीत असलेले लोक सरकारी कचेरीतच होते, त्यामुळे धाड पुढे सरकते. एकाकडे चार पोथ्या, एकाकडे पाच, एकाकडे आठ. व्याकरणाचा मास्तर व्हिक्टर दोन देतो आणि वर सांगतो की अजून असत्या तर त्याही दिल्या असत्या. एक वाचक घरी नाही, त्याची बायको सहा काढून देते. संध्याकाळपर्यंत तीसहून जास्त पोथ्या गोळा झाल्या.

माझ्या मनात राहून राहून येतं ते हे: त्या पोथ्यांत शुभवर्तमानं असणारच. म्हणजे पेत्र ढळला आणि परत घेतला गेला, ही गोष्टसुद्धा त्यांनी दिली. त्यांना पुढे सगळ्यात जास्त गरज लागणार होती ती नेमकी हीच गोष्ट.

* * *

दोनेक वर्षांनी छळ ओसरला. ३०५ च्या सुमारास सिर्टाला नवा बिशप नेमण्यासाठी न्युमिडियाचे दहा-बारा बिशप एका घरात जमले. अध्यक्ष होता सेकुंडस, प्रांतातला सर्वांत ज्येष्ठ. त्याने ठरवलं की आधी आपणच शुद्ध आहोत का ते पाहू, आणि एकेकाला विचारू लागला. एक म्हणाला, मी काही कागद दिले पण पोथ्या शाबूत आहेत. दुसरा म्हणाला, मी वैद्यकाची पुस्तकं दिली. तिसरा म्हणाला, मला शुभवर्तमानं आगीत टाकायला लावली खरी, पण ती पुसट झालेली होती, क्षमा करा. मग पाळी आली पर्पुरियसची. त्याच्यावर स्वतःच्या बहिणीची दोन मुलं मारल्याचा आरोप होता. तो उसळून म्हणाला, मी या बाकीच्यांसारखा घाबरणार नाही! तुम्हाला पकडलं होतं तेव्हा तुम्ही काय देऊन सुटलात ते सांगा आधी.

खोलीत काय शांतता पसरली असेल! सेकुंडसच्या पुतण्याने त्याला बाजूला घेऊन समजावलं की ताणू नका, हे सगळे फुटून निघतील आणि तुम्हालाच दोषी ठरवतील. तेव्हा सेकुंडस म्हणाला की ज्याचं त्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक, बसा. सगळे म्हणाले, देवाचे आभार. आणि सिर्टाचा बिशप म्हणून त्यांनी निवडला तो कोण? चांदीचा दिवा देणारा सिल्वानस! गावातले लोक ओरडत होते की हा देणारा आहे, दुसरा द्या, त्यांचं कोणी ऐकलं नाही. (या बैठकीचा वृत्तांत खोटा आहे असं पुढे विरुद्ध पक्षाने म्हटलं होतं. पण बहुतेक अभ्यासक तो खरा धरतात.)

इथे पश्चात्तापाची संधी होती हो. एक-दोघांनी तर कबुली दिलीसुद्धा होती. पण ती कबुली खोलीबाहेर गेली नाही, आणि प्रायश्चित्त कोणीच केलं नाही. देवाचं नाव घेऊन विषयावर पांघरूण घातलं. सगळ्यांचं नाव वाचलं.

पुढचं पाहा. ३११-१२ च्या सुमारास कार्थेजला सिसिलियन बिशप झाला. त्याच्यावर हात ठेवून दीक्षा देणारा होता फेलिक्स, अप्तुंगा गावचा बिशप. सेकुंडस सत्तरेक बिशप घेऊन कार्थेजला आला आणि या सभेने निकाल दिला की फेलिक्स ट्रॅडिटर आहे, सबब त्याच्या हातची दीक्षा रद्द. त्यांनी दुसरा बिशप बसवला. त्याच्यानंतर आला डोनेटस, आणि त्याच्या नावावरून हा पक्ष 'डोनेटिस्ट' म्हणून ओळखला गेला. सिर्टाच्या त्या खोलीत एकमेकांवर पांघरूण घालणारेच या न्यायासनावर बसले होते, असं पुढे ऑगस्टीनने वारंवार दाखवून दिलं. आपली चूक दाबून ठेवलेला माणूस दुसऱ्याच्या तशाच चुकीवर किती कडक होतो, हे आपण घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाहतोच की.

आणि फेलिक्स? सरकारी चौकशी झाली, ३१४-१५ मध्ये. धाडीच्या वेळी अप्तुंग्याचा प्रमुख असलेला म्हातारा अधिकारी साक्षीला आला. त्याने सांगितलं की फेलिक्स तेव्हा गावात नव्हताच. एक पत्र पुरावा म्हणून पुढे आलं होतं, त्यात फेलिक्सने पोथ्या दिल्याचा उल्लेख होता. म्हाताऱ्याने पत्र ओळखलं, पण शेवटचा भाग आपण लिहिलाच नाही म्हणाला. तो भाग इन्जेन्शियस नावाच्या माणसाने मागून जोडला होता, आणि शेवटी त्याने ते कबूल केलं. फेलिक्स निर्दोष सुटला. तरी पुढची शंभर वर्षं अर्ध्या आफ्रिकेत तो 'देणारा'च राहिला. गेलेलं नाव कोर्टाच्या निकालाने कागदावर परत येतं, लोकांच्या तोंडात नाही.

३१४ साली आर्ल (आजच्या फ्रान्समध्ये) इथे बिशपांची परिषद झाली. तिचे या बाबतीतले ठराव आजही शहाणपणाचे वाटतात. पोथ्या दिल्याचं सरकारी दफ्तरातून सिद्ध झालं तर त्या धर्मगुरूला पदावरून काढा, नुसत्या तोंडी बोलण्यावरून नको. त्याच्या हातून ज्यांना दीक्षा मिळाली त्यांची दीक्षा मात्र खरीच. आणि जो भावांवर खोटा आळ घेईल त्याला मरेपर्यंत पवित्र भोजन नाही. दोषी, त्याच्यावर विसंबलेले, आणि ज्याच्यावर आळ आला तो, तिघांचाही विचार.

सिल्वानसचं बिंगही फुटलं, पण ३२० मध्ये. त्याचं आपल्याच एका डीकनशी भांडण झालं आणि डीकनने सगळं बाहेर काढलं. भांडण आपसात मिटवा, बाहेर जाऊ देऊ नका, अशा आशयाची इतर बिशपांनी लिहिलेली पत्रं कोर्टात वाचली गेली. व्याकरणाचा मास्तर व्हिक्टर साक्षीला उभा होता. आधी म्हणाला, मी तर डोंगरात पळालो होतो. मग सतरा वर्षांपूर्वीचा तो पंचनामा त्याच्यासमोर मोठ्याने वाचला गेला. तो आपल्यापर्यंत पोचला तो या खटल्यामुळेच.

* * *

डोनेटिस्टांबद्दल एकतर्फी लिहायचं नाही. त्यांच्यातल्या हजारो साध्या माणसांना खरंच शुद्ध चर्च हवं होतं, छळात मेलेल्यांची त्यांना आठवण होती, आणि सरकारदरबारी मिसळणाऱ्या बिशपांचा तिटकारा होता. पुढे सरकारी फौजेने त्यांच्यावर जे केलं तेही भयंकर होतं. ऑगस्टीन सुरुवातीला सक्तीच्या विरुद्ध होता, नंतर सक्तीचं समर्थन करू लागला. त्याच्या चाहत्यांनाही हे अवघड जातं. ४११ साली कार्थेजला दोन्ही पक्षांचे मिळून साडेपाचशेहून जास्त बिशप जमले, सगळी जुनी दफ्तरं पुन्हा वाचली गेली, आणि निकाल डोनेटिस्टांविरुद्ध गेला. त्या आधी ऑगस्टीनच्या बाजूच्या बिशपांनी एक प्रस्ताव मांडला होता: आम्ही हरलो तर पदं सोडू, जिंकलो तर तुमच्या बिशपांना सोबत घेऊ, आणि लोकांना दोन बिशप नको असतील तर दोघेही उतरू. शेकडो बिशपांनी याला होकार दिला. इतकी वर्षं चाललेल्या मानापमानात 'पद गेलं तरी चालेल' असं म्हणणारं कोणी भेटलं की जरा बरं वाटतं.

बायबलात चांगल्या नावाला मोठी किंमत आहे. नीतिसूत्रांत ते धनाहून वरचं मानलंय, आणि तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात बिशपाचं नाव बाहेरच्या लोकांतही चांगलं असावं अशी अट आहे. सेकुंडसलाही हेच हवं असेल, मंडळीची अब्रू राहावी. त्याचा हेतू वाईटच होता असं मला म्हणवत नाही. छळातून कशीबशी वाचलेली माणसं होती ती. पण त्याने नाव आधी ठेवलं आणि पश्चात्ताप देवावर सोपवला. त्याची किंमत फेलिक्सने मोजली, आणि शंभर वर्षं एकमेकांच्या घरी न जेवणाऱ्या त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी मोजली.

पेत्राचं नाव का टिकलं याचा विचार केला तर उत्तर त्या चार पुस्तकांत आहे. त्याच्याबद्दल यापेक्षा वाईट असं कोणाला काही शोधून काढताच येणार नव्हतं, सगळं आधीच सांगून झालं होतं. अशा माणसाला कोणी पर्पुरियस उठून 'तुम्ही काय देऊन सुटलात' असं विचारू शकत नाही. विचारलंच तर तो म्हणेल, कोंबडा आरवायच्या आत तीनदा.

असो. तुमच्या वाचनात याबद्दल वेगळं काही आलं असेल तर जरूर कळवा.